धसका सुटत नाही तेव्हा : आघातानंतरचा ताण आणि चिंताविकार यांतून बाहेर येण्याच्या पायऱ्या

अपघाताला वर्ष उलटून जातं. हाड जुळतं, टाके निघतात, कामावर रुजू होऊनही बरेच दिवस झालेले असतात. चौकशीला येणारी माणसं येईनाशी होतात. आणि तरीही मागून कुणी कचकन ब्रेक दाबला की दरदरून घाम फुटतो, छाती धडधडायला लागते आणि क्षणभर आपण पुन्हा त्याच रस्त्यावर पडलेलो असतो. घरचे म्हणतात, "अरे, झालं गेलं विसर आता." विसरणं हातात असतं तर तो केव्हाच विसरला असता.

हा लेख अशा माणसासाठी आणि त्याच्यासोबत राहणाऱ्यांसाठी आहे. आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, आणि त्याच्याशी जवळचं नातं असलेले चिंताविकार कसे ओळखायचे, ते टिकून का राहतात आणि बाहेर यायला कोणत्या क्रमाने काय करायचं, ते इथे सांगते. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते : या आजारांना खतपाणी मिळतं ते टाळण्यातून. जे टाळावंसं वाटतं त्याच्याकडे हळूहळू, बेताबेताने आणि गरज असेल तिथे जाणकाराच्या सोबतीने परत जाणं, हाच बहुतेक यशस्वी उपचारांचा गाभा आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

एक गोष्ट मात्र त्याहीआधी. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा ज्याच्यापासून आघात झाला तो माणूस आजही जवळ असून त्रास देत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. आधी विश्वासातल्या एका माणसाला सांगा आणि तुमच्या भागातल्या आपत्कालीन सेवेशी किंवा जवळच्या रुग्णालयाशी संपर्क करा. चालू असलेल्या धोक्यात मनाचे व्यायाम कामाचे नाहीत, तिथे आधी सुरक्षितता लागते.

नेमकं काय झालंय, ते ओळखा

भयंकर प्रसंगानंतर झोप उडणं, दचकणं, रडू येणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हा आजार नाही. पहिल्या काही दिवसांत हे जवळपास प्रत्येकाला होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघात करणारा प्रसंग येतो, पण आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्यांचं प्रमाण सुमारे ३.९ टक्के आहे. म्हणजे मनाची सावरण्याची ताकद मोठी आहे. आणि ज्यांना सावरता येत नाही त्यांची संख्याही कोट्यवधींच्या घरात आहे, तेव्हा "मलाच कसं हे झालं?" असं वाटून घेण्याचं काही कारण नाही.

त्रास तीन दिवस ते एक महिना तीव्र राहिला, तर डॉक्टर त्याला तीव्र ताणविकार म्हणतात. महिना उलटूनही तो कमी होत नसेल आणि काम, नाती, झोप यांवर परिणाम होत असेल, तर पीटीएसडीचा विचार होतो. त्याची लक्षणं चार गटांत मांडतात.

पहिला गट नको असताना परत येणाऱ्या आठवणींचा : दुःस्वप्नं, फ्लॅशबॅक (म्हणजे तो प्रसंग आत्ताच पुन्हा घडतोय असं वाटणं), एखाद्या वासाने किंवा आवाजाने अचानक सगळं अंगावर येणं. दुसरा टाळण्याचा : ती जागा, तो विषय, ती माणसं, इतकंच काय तो विचारसुद्धा. तिसरा मनात बसलेल्या समजुतींचा : "चूक माझीच होती", "कुणाचाच भरवसा नाही", "मी आता पूर्वीसारखा होणारच नाही", आणि त्याच्या जोडीला एक प्रकारचा बधिरपणा, आपल्या माणसांबद्दलही काही वाटेनासं होणं. चौथा सतत सावध असण्याचा : पाठ भिंतीला लावून बसणं, बारीक आवाजाने दचकणं, चिडचिड, लक्ष न लागणं, डोळ्याला डोळा न लागणं.

तिसऱ्या गटाकडे घरच्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. दचकणारा माणूस दिसतो, पण आतून विझलेला माणूस "आता शांत झालाय" असं समजून सोडून दिला जातो.

काहींना हा त्रास सहा महिन्यांनंतर, कधी त्याहूनही उशिरा पूर्ण रूप घेऊन समोर येतो. आणि ज्यांनी लहानपणापासून किंवा वर्षानुवर्षं अत्याचार सोसला, त्यांच्यात वरच्या लक्षणांबरोबर भावना आवरता न येणं, स्वतःबद्दल खोलवर बसलेली घृणा आणि कुणाशीच जवळीक न साधता येणं हेही दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याला गुंतागुंतीचा पीटीएसडी असं स्वतंत्र स्थान दिलं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. अशा माणसांना वर्षानुवर्षं "स्वभावच तसा आहे" असं ऐकून घ्यावं लागलं.

तसा या आजाराला मान्यता मिळायलाच उशीर झाला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' (तोफगोळ्यांच्या माऱ्यात मनाला बसलेला धक्का) झालेल्या सैनिकांबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. अशा सैनिकांपैकी अनेकांना तेव्हा भित्रं ठरवलं गेलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी हे निदान आपल्या पुस्तिकेत घेतलं ते थेट १९८० मध्ये. लोकांच्या तोंडून आजही "मन घट्ट कर" हेच आधी निघतं, त्याचं मूळ या जुन्या समजुतीत आहे.

चिंताविकार वेगळे कसे?

पीटीएसडीच्या मुळाशी घडून गेलेला प्रसंग असतो. चिंताविकारात भीती बहुधा पुढे घडू शकेल अशा गोष्टीची असते. सर्वसाधारण चिंताविकारात काळजीला विषय लागत नाही. पैसा, तब्येत, मुलं, काम, एक संपली की दुसरी, आणि हे सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक रोज. पॅनिक विकारात अचानक भीतीचा लोंढा येतो आणि त्यानंतर "पुन्हा येईल का?" या धास्तीनेच माणूस घरात बसतो. सामाजिक चिंतेत चारचौघांत आपलं हसं होईल ही भीती असते. उंची, रक्त, बंद जागा अशा एखाद्याच गोष्टीचा फोबिया असतो.

२०१९ मध्ये जगभरात ३० कोटींहून अधिक लोक चिंताविकारांनी त्रस्त असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकाच माणसाला पीटीएसडी, पॅनिक आणि नैराश्य असं एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. त्यामुळे घरबसल्या नेमका शिक्का शोधत बसू नका, ते काम तज्ज्ञाचं. त्रास किती आहे याचा अंदाज मात्र घेता येतो. चिंतेसाठी जीएडी-७ ही सात प्रश्नांची प्रश्नावली २००६ पासून वापरात आहे. तिच्यात २१ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर तपासणी करून घ्यावी असं मानतात. पीटीएसडीसाठी पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात ८० पैकी ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले की तज्ज्ञ बारकाईने तपासतात. निदान मात्र तपासणीनंतरच होतं. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर बोलायला शब्द सुचत नसतील, तर भरलेला कागद पुढे ठेवता येतो. अनेकांना त्याचीच मोठी मदत होते.

हे टिकून का राहतं?

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचाराच्या आधी कामाला लागतो. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. पळायची किंवा लढायची तयारी होते. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर शरीर गोठतं. (अत्याचाराच्या वेळी "मी ओरडले का नाही?" म्हणून स्वतःला कोसणाऱ्यांनी हे नीट वाचावं. गोठणं ही शरीराची आपोआप झालेली क्रिया असते, संमती नसते.) अशा वेळी आठवण नेहमीसारखी क्रमवार, "हे तेव्हा घडलं आणि संपलं" अशी साठवली जात नाही. वास, आवाज, प्रकाश, अंगाला झालेला स्पर्श असे तुकडे सुटेसुटे राहतात. म्हणून पेट्रोलचा वास आला की मेंदू "पूर्वी एकदा असं झालं होतं" असं म्हणत नाही, "आत्ता होतंय" असं म्हणतो.

आता टाळण्याकडे येऊ. तो चौक टाळला की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्या हायसं वाटण्याचा अर्थ असा लावतो की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो अधिक जोरात टाळायला सांगतो. आधी चौक सुटतो, मग रस्ता, मग गाडी, मग घराबाहेर पडणं. आणि त्या चौकात आज काहीच होत नाही हे कळायची संधीच मेंदूला मिळत नाही.

टाळणं दरवेळी उघड दिसतंही नाही. बाहेर जायचं पण सोबतीला कुणीतरी हवंच, सभेला जायचं पण दाराजवळच्याच खुर्चीत बसायचं, खिशात गोळी असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, सतत नाडी तपासायची, दिवसभर स्वतःला कामात बुडवून ठेवायचं. दारूही त्यातलीच. या आधारांमुळे दिवस निभावतो, पण भीती तशीच जपली जाते.

पायरी पहिली : शरीराची तपासणी

थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांतली अनियमितता, दमा, रक्तातली साखर कमी होणं, काही औषधांचे दुष्परिणाम, या सगळ्यांत धडधड, थरथर, घाबरं होणं दिसू शकतं. डोक्याला मार लागला असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, तर "टेन्शन असेल" म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. एकदा नीट तपासणी होऊन सगळं ठीक निघालं, की मग मात्र दर आठवड्याला नवा ईसीजी काढायचा नाही. पुन्हापुन्हा खात्री करून घेणं हेही टाळण्याचंच भावंड आहे.

प्रसंग नुकताच घडला असेल तर

पहिल्या काही दिवसांत उपचारापेक्षा साध्या गोष्टी लागतात : सुरक्षित जागा, झोप, खाणंपिणं, आपली माणसं आणि नेमकी माहिती. घडलेलं सगळं तपशीलवार बोलून घ्यायला लावलं की मन मोकळं होतं, असा समज आहे. पण प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं अभ्यासांतून दिसल्यामुळे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना ती टाळायला सांगतात. माणसाला बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर उकरू नका. बातम्यांमधली किंवा मोबाइलवरची त्या घटनेची दृश्यं पुन्हापुन्हा पाहू नका. झोपेच्या आणि चिंतेच्या सवय लावणाऱ्या गोळ्या आघाताची लक्षणं कमी करण्यासाठी पहिल्या महिन्यात देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या आपल्या सूचनांत म्हटलं आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी मागून घेणं तर नकोच.

पायरी दुसरी : भीतीचा लोंढा येतो तेव्हा

पॅनिक अटॅकमध्ये "आता मरतोय" किंवा "वेड लागतंय" असं खरंच वाटतं. नेमकं काय होतं ते माहीत असलं की निम्मी भीती उतरते, म्हणून जरा सविस्तर सांगते. श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यानेच बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आजूबाजूचं खोटं खोटं वाटतं. छातीचे स्नायू ताणून धरल्याने छाती आवळल्यासारखी होते. हा लोंढा काही मिनिटांत, साधारण दहा मिनिटांच्या आत, टोक गाठतो आणि मग ओसरू लागतो. शरीराला तो त्याच पातळीवर फार वेळ टिकवता येत नाही. चक्कर आल्यासारखं वाटलं तरी पॅनिकमध्ये माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण रक्तदाब चढलेला असतो. अपवाद रक्त आणि सुई यांच्या भीतीचा. तिथे दाब खरंच उतरतो, म्हणून तिथे हात, पाय, पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे.

इतर वेळी हे करा. जागा सोडून पळू नका, गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. मोठा श्वास ओढून घेण्याची धडपड सोडा, त्याने मुंग्या वाढतात. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास आत आणि सहा आकडे मोजत सावकाश बाहेर, असं पाचेक मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर तो घातक ठरू शकतो. मनात म्हणा, "हे पॅनिक आहे. त्रासदायक आहे, पण उतरणार आहे."

फ्लॅशबॅकमध्ये अडचण वेगळी असते. तिथे मन 'तेव्हा'त गेलेलं असतं, त्याला 'आत्ता'त आणायचं असतं. डोळे उघडे ठेवा. दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्याने घ्या, मग हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वास येणाऱ्या दोन, चव एक. नुसती नावं पुरत नसतील तर तपशिलात शिरा : "खिडकीची कडी पितळी आहे, डाव्या बाजूने घासली आहे." मग आजची तारीख, वार, आपलं वय मोठ्याने म्हणा. त्यापुढे फरक सांगा : "तेव्हा रात्र होती, आत्ता दुपार आहे. तेव्हा मी एकटी होते, आत्ता शेजारच्या खोलीत ताई आहे." हा फरक सांगण्याचा भाग लोक गाळतात, पण मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. हा सराव बरं वाटत असताना रोज करावा लागतो. ऐनवेळी नवीन काही सुचत नाही.

पायरी तिसरी : दोन आठवड्यांची नोंद

लहान वही घ्या. त्रास झाला की चार गोष्टी लिहा : कुठे होतो, आधी काय दिसलं किंवा ऐकलं, मनात काय आलं, मी काय केलं. पानभर नको, दोन-तीन ओळी पुरे. आठवणीचा तपशील लिहायचा नाही, फक्त ती कशाने जागी झाली ते. दोन आठवड्यांनी वाचलं की "कधीही, कुठेही होतं" असं वाटणाऱ्या त्रासाला ठरावीक निमित्तं आहेत हे दिसतं. 'मी काय केलं' या चौथ्या गोष्टीतून आपण काय काय टाळतो याची यादी आपोआप तयार होते. पुढची पायरी त्या यादीवरच उभी आहे.

पायरी चौथी : शिडी

यादीतल्या प्रत्येक गोष्टीला ० ते १०० पैकी भीतीचे गुण द्या. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे सहनच न होणारं. मग कमी गुणांपासून जास्तीकडे मांडा. सुरुवातीच्या माणसाचीच शिडी पाहू. चौकात त्याच्या दुचाकीला मागून धडक बसली होती.

- दुचाकीचा फोटो पाहणं : २०
- बंद गाडीवर अंगणात बसणं : ३०
- गाडी सुरू करून जागेवरच दहा मिनिटं बसणं : ४०
- रिकाम्या गल्लीत फेरी मारणं : ५०
- भर दिवसा चौकाच्या कडेला उभं राहून रहदारी पाहणं : ६०
- मागे बसून चौकातून जाणं : ७०
- स्वतः चालवत सकाळी लवकर चौक ओलांडणं : ८०
- गर्दीच्या वेळी ओलांडणं : ९५

सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीपासून करायची. समजा, गाडीवर बसला. पहिल्या मिनिटाला हँडल घट्ट धरलेलं, तळवे ओले, भीती ५५. इथे उतरावंसं वाटतं, आणि इथेच न उतरता बसून राहायचं. पाठीमागे वळून वळून पाहायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला भीती बहुधा खाली येते. आली नाही तरी बिघडत नाही. बसण्याआधी त्याने लिहून ठेवलेलं असतं, "मला फिट येईल" किंवा "मला हे सोसणार नाही". उतरल्यावर त्याशेजारी लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. मेंदू शिकतो तो या दोन ओळींमधल्या अंतरातून. तीच पायरी रोज, जमेल तितके दिवस, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की पुढची.

इतर चिंताविकारांतही हीच रीत. सामाजिक चिंतेत अनोळखी माणसाला वेळ विचारण्यापासून सभेत प्रश्न विचारण्यापर्यंत. पॅनिक विकारात धडधडीचीच भीती असते, म्हणून जिने चढून मुद्दाम धडधड आणायची (हृदयाची तपासणी ठीक असेल तरच).

शिडीवर फक्त आज सुरक्षित असलेल्या गोष्टीच येतात. अंधारी निर्जन वाट, हात उगारणारा माणूस यांची भीती खरी आहे, ती शिडीवर नको. आणि आघाताच्या आठवणीलाच भिडायचं असेल तर ते एकट्याने करू नका, त्याला थेरपिस्ट हवा. स्वतःच्या बळावर करायचं ते बाहेरच्या गोष्टींपुरतं. तेही करताना सुन्न होत असाल, वेळेचं भान सुटत असेल, तर थांबून तज्ज्ञाकडे जा.

काळजीचं चक्र आणि रात्र

दिवसभर चालणाऱ्या काळजीला ठरावीक वेळ द्या : रोज संध्याकाळी वीस मिनिटं, पण झोपायच्या तोंडावर नको. इतर वेळी काळजी आली की एका ओळीत लिहा आणि "सहाला बघू" म्हणा. सहाला वही उघडून प्रत्येकीला विचारा : यावर मी काही करू शकते का? करता येत असेल तर पुढचं एक पाऊल आणि वेळ लिहा. नसेल तर ती ओळ तिथेच सोडून उठा.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, झोप कशीही झाली असो. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नका. दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी शांत करा आणि पेंग आली की परत या. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि स्वप्नं बळावतात.

एकच दुःस्वप्न पुन्हापुन्हा पडत असेल तर त्यावर एक साधी, अभ्यासलेली रीत आहे. दिवसा ते स्वप्न थोडक्यात लिहा. मग हवा तसा बदल करा. शेवट, जागा, माणसं, काहीही. बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांसमोर आणा, मूळचं नाही. आघाताची हुबेहूब पुनरावृत्ती असणारं स्वप्न यासाठी पहिलं निवडू नका, त्यातल्या त्यात सौम्य स्वप्नापासून सुरुवात करा.

पायरी पाचवी : उपचार

महिन्याहून अधिक काळ त्रास असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधं देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ थेरपी देतात. पहिल्याच भेटीत विचारा : "पीटीएसडीसाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता? किती सत्रं लागतील? प्रगती कशी मोजणार?" चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही.

पुराव्याचा भक्कम आधार असलेल्या पद्धती मोजक्याच आहेत. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये शिडीबरोबरच ती आठवण थेरपिस्टसमोर पुन्हापुन्हा सांगितली जाते. साधारण ८ ते १५ सत्रं, प्रत्येक दीड तासापर्यंतचं. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत, साधारण १२ सत्रांत, "चूक माझीच होती" यांसारख्या अडकून बसलेल्या समजुती तपासल्या जातात. अपराधीपणा आणि शरम यांनी ग्रासलेल्यांना मी हिच्याबद्दल आवर्जून विचारायला सांगेन. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावी-उजवीकडे फिरवले जातात. यात फार बोलावं लागत नाही, म्हणून ज्यांना शब्दांत सांगणं जड जातं त्यांना ती सोयीची वाटते. मुलांसाठी आघात-केंद्रित सीबीटीची (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) वेगळी रचना आहे आणि तीत पालकांचाही सहभाग असतो. चिंताविकारांसाठी सीबीटी हीच पहिली पसंती.

पहिल्या काही सत्रांत त्रास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो. झाकलेलं उघडलं जात असतं. बरेच जण नेमके इथेच थेरपी सोडतात. तसं वाटलं तर सत्र चुकवण्याऐवजी थेरपिस्टला तेच सांगा, वेग कमी करता येतो.

औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन ही नावं ऐकू येतील. यांनी सवय लागते हा समज चुकीचा आहे, पण अचानक बंद केली तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, विशेषतः तरुणांमध्ये या काळात लक्ष ठेवावं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्यांनी तासाभरात बरं वाटतं, सवय लागते ती यांची. पीटीएसडीत त्या सहसा टाळाव्यात असंच तज्ज्ञ सांगतात. त्या आधीपासून चालू असतील तर मात्र एकदम थांबवू नका, फिट येण्याचा धोका असतो.

घरच्यांनी काय करायचं

"कशाला एवढं मनाला लावून घेतोस?", "तुझ्यापेक्षा वाईट लोकांचं झालंय" ही वाक्यं बंद करा. त्याऐवजी "दादा, आत्ता मी इथे बसू का, की थोडा वेळ एकटं हवंय?" असं विचारा. फ्लॅशबॅकमध्ये असलेल्या माणसाला मागून हात लावू नका. समोर या, नाव घेऊन हळू आवाजात बोला : "मी आहे, तू घरी आहेस, आज गुरुवार आहे." दुःस्वप्नातून उठवतानाही हलवू नका, थोडं लांबून हाक मारा.

सगळ्यात अवघड भाग असा की प्रेमापोटी आपणच टाळायला मदत करतो. त्याच्याऐवजी फोन घेतो, बाजारहाट करतो, लांबच्या रस्त्याने गाडी नेतो. हे एकाएकी बंद करू नका. शिडीच्या ज्या पायरीवर तो आहे तेवढ्यापुरती मदत काढून घ्यायची, तीही त्याला आधी सांगून. आणि स्वतःच्या झोपेकडे लक्ष द्या. सतत सोबत करणारी माणसंही खचतात, त्यांनाही समुपदेशकाकडे जाता येतं.

त्रास परत आला तर

प्रसंगाची तारीख, तसाच ऋतू, कोर्टाची तारीख, बातमीत आलेली तशीच घटना, घरातला मृत्यू, अशा वेळी बरा झालेला माणूसही काही दिवस डळमळतो. केलेली मेहनत त्याने पुसली जात नाही. अशा तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. त्या आठवड्यात मोठे निर्णय नकोत, सोबत कोण असेल ते ठरवा. एका कागदावर तीन गोष्टी लिहून घरच्यांकडे एक प्रत द्या : माझी सुरुवातीची लक्षणं कोणती (उदाहरणार्थ, फोन न उचलणं, पुन्हा लांबचा रस्ता धरणं), तेव्हा मी शिडीच्या कोणत्या पायरीवरून परत सुरू करणार, आणि किती दिवसांत सुधारलं नाही तर थेरपिस्टला फोन करणार. दिवसांचा आकडा स्पष्ट लिहा, दोन आठवडे पुरेत. ते उलटले की फोन कुणी लावायचा, त्या माणसाचं नावही त्याच कागदावर लिहून ठेवा.